पित्ताची पिशवी

माय रात्री दीड-दोनच्या सुमाराला उठायची आणि अंगणात येरझाऱ्या घालायची. एक हात उजव्या कुशीवर दाबलेला, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. काय होतंय विचारलं की उत्तर ठरलेलं. "पित्त झालंय गं, दुसरं काय. एकदा उलटी झाली की निवंल."

मग मी फडताळातली ॲसिडिटीची गोळी काढून द्यायची. थंड दूध द्यायची. तास-दोन तासांनी कळ उतरायची, माय भिंतीला टेकून डोळा लावायची आणि उजाडल्यावर पुन्हा चुलीपुढं भाकरी थापत बसलेली असायची. असं चार वर्षं चाललं.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर विज्ञान शिकवते. या चार वर्षांत पचनसंस्थेचा धडा मी दर वर्षी शिकवला. फळ्यावर तपकिरी खडूनं यकृत काढायचं, त्याच्या पोटाशी हिरव्या खडूनं पित्ताशय काढायचं. यकृत पित्तरस तयार करतं, पित्ताशयात तो साठतो आणि घट्ट होतो, स्निग्ध पदार्थ आले की आतड्यात सोडला जातो. पोरं वहीत उतरून घ्यायची. संध्याकाळी घरी यायचे तर माय म्हणायची पित्त झालंय, आणि मी गोळी द्यायची. फळ्यावरचं पित्त आणि मायच्या तोंडचं पित्त यांची माझ्या डोक्यात एकदाही गाठ पडली नाही. एकच शब्द, एकाच दिवशी, माझ्याच कानांवर दोनदा पडत होता.

पुढं मी या शब्दाच्या मागं लागले. आपल्याकडं पित्त म्हणजे काय काय? छातीत जळजळलं, घशाशी आंबट आलं, ते पित्त. खरं तर ते जठरातलं आम्ल असतं, पित्तरसाचा त्याच्याशी संबंध नसतो. अंगावर लालसर गांधी उठल्या, खाज सुटली, तेही पित्त. उपाशीपोटी उन्हात गेल्यावर डोकं धरलं, पित्त चढलं. रिकाम्या पोटी उलटी होऊन पिवळंहिरवं कडू पाणी पडलं, तेही पित्त, आणि तेवढंच तेवढं पुस्तकातलं. पित्ताशयातल्या खड्यांची कळ आली तर तिलाही हाच शब्द. जठरातला व्रणही कित्येक घरांत पित्त म्हणूनच वर्षानुवर्षं दुधावर आणि गोळ्यांवर ढकलला जातो. त्यातले बरेचसे व्रण एका जिवाणूमुळं होतात, हे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी दाखवून दिलं. लोक ऐकेनात म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये त्या जिवाणूंचं पाणी स्वतः पिऊन पाहिलं. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. आज तो व्रण प्रतिजैविकांच्या ठरावीक दिवसांच्या औषधानं बरा होतो. पण रोगी "पित्त आहे" म्हणत राहिला आणि ऐकणाराही तेवढ्यावर थांबला, तर औषध त्याच्यापर्यंत पोचणार कसं?

यात लोकांचं अडाणीपण मला दिसत नाही. आयुर्वेदात पित्त ही पिशवीत साठलेली वस्तू नव्हतीच, शरीरातल्या उष्णतेचं आणि पचवण्याच्या शक्तीचं ते नाव होतं. त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. पचन करणारं पाचक, कातडीत राहणारं भ्राजक, डोळ्यांतलं आलोचक, आणि रंजक, साधक. अंगावर गांधी उठल्या की आजी "पित्त उठलं" म्हणते, तेव्हा ती त्या भ्राजक पित्ताचंच बोट धरून बोलत असते. पुढं आधुनिक शरीरशास्त्र मराठीत आणताना यकृतात तयार होणाऱ्या एका ठरावीक रसासाठी हाच जुना शब्द घेतला गेला. शब्द चांगलाच आहे. फक्त जुनं घर मोडलं नाही आणि नवं त्याच ओट्यावर उभं राहिलं. दोन्ही घरांत माणसं राहतात, आणि हाक एकाच नावानं मारली जाते.

आणि पोटाच्या दुखण्याचे आपले बाकीचे शब्द किती नेमके आहेत, हे मला दवाखान्यात बसून कळलं. तिथं बाकावर बसलेल्या बायका आपापसात बोलत होत्या. एक म्हणाली, "पोट दुखत न्हाई, नुसतं ढवळायलंय." दुसरीला मुरडा येत होता, म्हणजे पीळ पडून थांबणारं, पुन्हा पीळ पडणारं. एका म्हातारीचं पोट डब्ब झालं होतं. कुणाला करपट ढेकरा, कुणाला कोठा जड. आतडं पीळ घेऊन अन्न पुढं सरकवतं आणि वाट अडली की त्याच लाटा कळा होऊन उठतात, हे पुस्तकाला समजावून सांगायला एक परिच्छेद लागतो. मुरडा या तीन अक्षरांत ती लाट आहे. ढवळणं, मळमळणं, कळमळणं, कालवणं, या चार शब्दांतला फरक आमच्याकडं शाळेची पायरी न चढलेली बाईसुद्धा चुकवत नाही. बोलणाऱ्याच्या बाजूनं सगळं सांगून झालेलं असतं.

मायनंही सांगितलेलंच होतं. पित्त या एका शब्दाआड तिचे बाकीचे शब्द मी ऐकले नाहीत, एवढंच. भजी खाल्ली की होतं, म्हणायची. बरगडीखाली कुणीतरी मूठ आवळल्यासारखं होतं आणि मग तिथून "मागं फऱ्यात कळ जाती." फरा म्हणजे खांद्याचं पसरट हाड. पोट दुखतंय आणि कळ फऱ्यात? मला वाटायचं, दिवसभर खुरपून पाठ भरून आली असेल.

त्या वर्षी पुतण्याच्या लग्नात ती पोटभर जेवली. बुंदी, भजी, तुपाची धार सोडलेलं वरण. मध्यरात्री कळ आली ती उतरलीच नाही. पहाटे अंगात ताप. सकाळी आम्ही तिला लातूरला नेलं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझ्याशी बोलायच्या आधी मायच्या पलंगाशी स्टूल ओढला. "आजी, कुठं दुखतंय ते एका बोटानं दाखवा." मायनं बोट ठेवलं, उजव्या बरगडीच्या कडेखाली, अगदी माझ्या हिरव्या खडूच्या जागेवर. डॉक्टरांनी तिथं बोटं दाबून धरली आणि म्हणाले, "आता मोठा श्वास घ्या." मायनं श्वास घ्यायला सुरुवात केली आणि अर्ध्यात तिचा श्वास अडकला. तिनं डॉक्टरांचं मनगट गच्च धरलं. ते म्हणाले, "बास, आजी. बास. कळलं."

या तपासणीला शिकागोचे शल्यचिकित्सक जॉन मर्फी यांचं नाव आहे. श्वास घेतला की छाती आणि पोट यांच्यामधला पडदा खाली येतो, यकृताला खाली ढकलतो, यकृताला चिकटलेली पिशवी खाली सरकते आणि सुजलेली असेल तर थेट बोटांवर येऊन आदळते. यंत्र लागत नाही, सुई लागत नाही. चार बोटं आणि एक श्वास. हे मला ठाऊक असतं तर? चार वर्षांत कितीतरी रात्री मी तिच्या कुशीवरून हात फिरवला होता.

फऱ्यातल्या कळेचंही त्यांनी सांगितलं. पोटातल्या अवयवांच्या वेदनेच्या नसा पाठीच्या कण्यात जिथं शिरतात, तिथंच पाठीच्या कातडीच्या नसाही येऊन मिळतात. मेंदूला कातडीकडून निरोप यायची सवय, पित्ताशयाकडून क्वचित. म्हणून तो कळ पाठीवर मांडतो. म्हणजे माय बोलत होती ते अक्षर न् अक्षर वैद्यकाच्या पुस्तकात आहे, फक्त तिथं फरा हा शब्द नाही.

सोनोग्राफी झाली. खडे होते. डॉक्टर मायला म्हणाले, "आजी, तुमच्या पित्ताच्या पिशवीत खडे झालेत." मायनं विचारलं, "बकऱ्याला असती तसली पिशवी?" डॉक्टर क्षणभर थांबले. "हो, अगदी तसलीच."

आधी सूज उतरवायची, मग ऑपरेशन, असं ठरलं. मधल्या दिवसांत माय गावी आली आणि शेजारपाजार जमा झाला. खडा म्हटल्यावर प्रत्येकाकडं औषध होतं. हुलग्याचं पाणी. हुलगे रात्री भिजत घालायचे, सकाळी शिजवून त्याचं पाणी प्यायचं, खडा विरघळून लघवीवाटे पडतो. भावकीतल्या कुणाकुणाचा पडलाही होता म्हणे. मायनं गाडगंभर हुलगे भिजत घातले.

आता दुसऱ्या शब्दानं घोळ घातला होता. मूतखडा हाही खडा आणि पित्ताशयातला हाही खडा. मूतखडा मूत्रपिंडात होतो, तिथून लघवीच्या वाटेवर येतो, लहान असेल तर भरपूर पाण्यानं पडूनही जातो. पित्ताशयातला खडा पुष्कळदा पित्तातल्या कोलेस्टेरॉलचा, त्याची वाट आतड्याकडं जाणारी. लघवीच्या वाटेशी तिचा कुठं सांधाच नाही. पाणी कितीही प्यायलं तरी ते त्या पिशवीतला खडा धुऊन नेणार नाही. उलट खडा पिशवीतून घसरून पित्तनलिकेत अडकला तर कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येते, जिवावर बेततं. हे सगळं मी मायला सांगत बसले. शाळेतला तक्ता गुंडाळून घरी आणला, खाटेवर पसरला, पेन्सिलीनं वाटा दाखवल्या. ती बघत राहिली. तिला ते चित्र माणसाचं वाटतच नव्हतं.

मग तिनंच पेन्सिल बाजूला सारली. "थांब. हे लघवीचं म्हंजी गुर्दा ना?"

"हो."

"गुर्दा मागं, पाठीला चिकटलेला असतोय, चरबीत. अन् ती पिशवी कलेजीला लटकलेली. येगळ्या जागंला की गं ही दोनी. हुलग्याचं पाणी गुर्द्यात जातंय, कलेजीत कशाला जाईल?"

तिनं उठून हुलगे निथळत टाकले. दुपारी त्याचं माडगं केलं, आम्ही सगळ्यांनी खाल्लं.

मी त्या तक्त्याकडं बघत बसले. या बाईनं आयुष्यभर बकरी उघडी केलेली पाहिली होती. आमच्याकडं कंदुरी असते. नवस फेडायला दर्ग्याला किंवा शेतातल्या देवाला बकरं कापतात, गाव जेवतं. अवजड, जोरकस कामं गडीमाणसांची, पण घरी आणलेली वजडी धुणं, आतडी पालथी करून साफ करणं, कलेजी निवडणं हे माय करायची. मला आठवतं, कलेजीवरची ती गर्द हिरवी पिशवी ती दोन बोटांत हळूच उचलायची आणि विळीच्या टोकानं मुळाशी सोडवायची. आम्ही पोरं जवळ गेलो की ओरडायची, "सरका, धक्का नका लावू, फुटली तर सगळं कडू." पित्ताशय कुठं असतं, कशाला चिकटलेलं असतं, त्यात काय असतं, त्याची चव काय, हे तिला माझ्या आधी तीस वर्षं माहीत होतं. हातानं माहीत होतं. आपल्या अंगात तीच पिशवी आहे आणि तिथंच दुखतंय, हे मात्र कुणी तिला म्हटलं नव्हतं. तिच्याकडं वस्तू होती, माझ्याकडं नाव होतं, आणि आम्ही एका घरात राहत होतो.

गुर्दा, कलेजी, तिल्ली हे मटणाच्या दुकानातले शब्द आमच्याकडं दख्खनी उर्दूतून आले. माझे आजोबा निजामाच्या काळात उर्दूतून चौथी शिकलेले. ते कधी पचन म्हणत नसत, "हाजमा बिघडलाय" म्हणत. जठराला मेदा म्हणत. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं तेव्हा तिथं शिकवायची भाषा उर्दू होती, आणि त्यासाठी शास्त्राचे शब्द घडवणारं भाषांतराचं स्वतंत्र खातं होतं. १९४८ मध्ये मराठवाडा मोकळा झाला आणि शाळेची भाषा बदलली. हाजमा गेला, पचन आलं. मेद्याचं जठर झालं. पुढं दवाखाना इंग्रजी झाला. म्हणजे आमच्या एका घरात चार पिढ्यांत पोटाची नावं तीनदा बदलली. यकृत एकच. आजोबांच्या तोंडी जिगर, मायच्या तोंडी कलेजी, माझ्या वहीत यकृत, माझ्या लेकीच्या तोंडी लिव्हर. आणि मायच्या जात्यावरच्या ओव्यांत काळीज तुटतं ते हृदय असतं, मटणवाल्याकडं मागितलं तर काळीज म्हणूनही कलेजीच मिळते.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. पोटावर चार लहान भोकं, तिसऱ्या दिवशी घरी. पित्ताशय काढून टाकण्याचं पहिलं ऑपरेशन कार्ल लांगेनबुख यांनी बर्लिनमध्ये १८८२ साली केलं, पोट उघडून. दुर्बिणीतून ते पहिल्यांदा केलं तेही एका जर्मन डॉक्टरनंच, एरिख म्यूह यांनी, १९८५ मध्ये. मायला या नावांचं काही नव्हतं. तिला एकच काळजी, पिशवी काढल्यावर माणूस जगतो का. डॉक्टर म्हणाले, "घोड्याला ती जन्मापासूनच नसते, आजी." पित्त यकृतातच तयार होतं, आता साठायला जागा नाही म्हणून थेंब थेंब सरळ आतड्यात जाईल. मायनं थोडा विचार केला. "घोडं तर मोप पळतंय," म्हणाली, आणि निर्धास्त झाली.

काढलेले खडे त्यांनी प्लॅस्टिकच्या डबीत घालून दिले. तपकिरी, चपटे, कडांना घासून गुळगुळीत झालेले. डबी हलवली की वाजायचे. माय डबी डोळ्यांपुढं धरून म्हणाली, "हुलगंच दिसायलेत की गं." खरंच, आकार तोच, रंगही जवळपास तोच.

सुट्टीच्या कागदावर लिहिलं होतं, लॅपरोस्कोपिक कोलेसिस्टेक्टॉमी. भावानं तो शब्द तीनदा वाचायचा प्रयत्न केला आणि कागद माझ्याकडं दिला. मी तो शब्द सोडवायला बसले. कोले म्हणजे ग्रीकमध्ये पित्त. सिस्ट म्हणजे पिशवी. एक्टॉमी म्हणजे कापून बाहेर काढणं. पित्त, पिशवी, काढली. मायचाच शब्द! जेवणात तेलतूप आलं की आतड्याकडून पित्ताशयाला आकसायला सांगणारं संप्रेरक आहे, कोलेसिस्टोकायनिन. तेही तसंच, पित्ताची पिशवी हलवणारं. भजी खाल्ल्यावर तिला मूठ आवळल्यासारखं का व्हायचं, ते या एका नावात आहे. पिशवी खरंच आवळत होती, तोंडाशी खडा होता. ज्या भाषेतून ही नावं घडवली, त्या भाषेत ते साधंच बोलणं होतं. अवघड ते आपल्यासाठी झालं, कारण आपल्यापर्यंत नुसता आवाज आला.

तेव्हापासून मी तो धडा वेगळा शिकवते. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला ड्युओडेनम म्हणतात, तर आधी पोरांना बाकावर बोटं आडवी लावायला सांगते, एकाची बारा बोटं, शेजारी शेजारी. ड्युओडेनम या नावात बारा आहेत. अलेक्झांड्रियाच्या हेरोफिलस या ग्रीक वैद्यानं सव्वादोन हजार वर्षांपूर्वी त्या भागाची लांबी बारा बोटं मोजली आणि तेच नाव ठेवलं. आमच्या बाया अजूनही शिवताना बोटांनीच मोजतात, त्यामुळं हे पोरांना ऐकताक्षणी पटतं. त्यापुढचा भाग जेजुनम, म्हणजे उपाशी, कारण मृतदेहात तो रिकामा सापडायचा. मराठीत त्याला रिक्तांत्र केलंय, आणि कुणी केलंय त्यानं मनापासून केलंय. मग सहा मीटर सुतळी व्हरांड्यात ताणतो, लहान आतडं केवढं ते दिसावं म्हणून. ती पोटात मावायची कशी, यावर वर्गात मोठी चर्चा होते. मागच्या वर्षी एक मुलगी उभी राहून म्हणाली, "मॅडम, शेवया वाळल्यावर आई गुंडाळी करती तसं."

पण सगळ्यात जास्त वेळ मी एका गोष्टीला देते. प्रत्येकानं आपल्या घरात पोटाच्या दुखण्याला काय काय म्हणतात ते विचारून यायचं, आणि आल्यावर तो शब्द आपल्या अंगावर हात ठेवून दाखवायचा. जळजळ इथं. मुरडा इथं. पित्त म्हटलं की वर्गातले हात चार ठिकाणी जातात. कुणाचा छातीवर, कुणाचा कपाळावर, कुणी दंड खाजवून दाखवतं. एखादाच हात उजव्या बरगडीखाली जातो. मी त्याला विचारते, घरी कुणाला तिथं दुखतं, कधी दुखतं, काय खाल्ल्यावर.

यंदाच्या कंदुरीला आम्ही सगळे गावी होतो. शेतात बाभळीखाली पुरुषांचं चुलाण पेटलं होतं. माय अंगणात पाटावर बसली, पुढं परातीत कलेजी. माझी लेक आणि भावाचा पोरगा तिच्या दोन बाजूंना उकिडवे. तिनं ती हिरवी पिशवी दोन बोटांत उचलून उजेडात धरली. पातळ पडद्यातून आतलं पाणी हललं.

"ही बघा," ती म्हणाली. "माझ्यात हिथं होती." आणि ओला हात तसाच वर धरून, कोपरानं स्वतःच्या उजव्या कुशीची जागा दाखवली. मग विळी ओढली आणि पिशवी मुळाशी सोडवली, एक थेंब न सांडता.